गोलाईची गोष्ट, टीव्हीवर

वर्गात आठ मुलं, शाळेचा एक जुना लॅपटॉप, माझा मोबाइल, भिंतीवर ३२ इंची टीव्ही आणि रोजचा पाऊण तास. एवढ्यावर आठ-दहा दिवसांत मुलांची स्वतःची डिजिटल गोष्ट उभी राहते. पुढे देतेय ती कृती बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या मुलांच्या वर्गातली आहे. सेरेब्रल पाल्सीचं, कर्णबधिर किंवा दृष्टिहीन मूल असेल तर काय बदलायचं तेही जागोजागी सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मोजलेत. वर्गात मात्र आठ मुलांचे आठ प्रकार असतात, तेव्हा माझ्या कृतीत मीठ-मसाला तुमच्या अंदाजाने घाला. गोष्ट आहे लातूरच्या गंजगोलाईला जाऊन मेथीची एक पेंडी आणण्याची. पूर्ण झाल्यावर तीन मिनिटांची होते.

‘डिजिटल स्टोरीटेलिंग’ हे नाव प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता. वाटलं, आता महागडं सॉफ्टवेअर, संगणक कक्ष आणि त्याची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांची मनधरणी. प्रत्यक्षात प्रकार साधा आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत डॅना ॲचली आणि जो लॅम्बर्ट यांनी सर्वसामान्य माणसांना त्यांच्याच फोटोंवर त्यांचाच आवाज चढवून दोन-तीन मिनिटांच्या गोष्टी करायला शिकवलं, तिथून हे नाव रूढ झालं. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत. एक चित्र समोर धरायचं, त्यावर बोलायचं, मग पुढचं चित्र. आम्ही वर्गात याहून वेगळं काही करत नाही. चित्रात देव-राक्षसांऐवजी आमचं पोरगं असतं आणि पुढचं चित्र आणायचं बटण त्याच्या हातात असतं, इतकाच फरक.

गोष्ट कोणती घ्यायची

एकच प्रश्न विचारायचा: हे मूल येत्या पंधरा दिवसांत ही गोष्ट पुन्हा जगणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर ती गोष्ट घ्या. कोल्ह्याला द्राक्षं आंबट का लागली, हे कळायला कोल्ह्याच्या मनात एक आणि तोंडात दुसरं आहे हे कळावं लागतं. नेमकं तेच आमच्या बऱ्याच मुलांना जड जातं. त्यापेक्षा केस कापायला बसणं, एसटीत चढणं, सिद्धेश्वराच्या यात्रेतली गर्दी आणि भोंगे, गल्लीत पाण्याचा टँकर आल्यावर कुठे उभं राहायचं, अशा गोष्टी घ्या. आम्ही एक भूकंपाचीही केली आहे. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्या मुलांनी पाहिलेला नाही, पण आपल्या जिल्ह्यात जमीन हलली तर टेबलाखाली जायचं हे त्यांना ठाऊक हवं. शंभरदा सांगून जे जमलं नाही ते टेबलाखाली बसलेल्या आपल्याच मित्राचा फोटो बघून जमलं.

मग गोष्ट लहान करा. अजून लहान करा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मध्ये देवीचं देऊळ. सोळा रस्त्यांवर सोनं आहे, चपला आहेत, भांडी आहेत, कपडे आहेत. पहिल्यांदा मी हे सगळं एका गोष्टीत कोंबलं होतं. बावीस चित्रं झाली. सातव्या चित्राला तिघं उठून खिडकीशी गेले. तेव्हापासून ठरलं: सोळापैकी एक रस्ता, एक भाजीवाली, एक पेंडी. सहा चित्रं, फार तर आठ.

वाक्यं लिहिताना कॅरल ग्रे या अमेरिकी शिक्षिकेची पद्धत उपयोगी पडते. तिने १९९१ च्या सुमारास स्वमग्न मुलांसाठी ‘सोशल स्टोरी’ हा प्रकार आणला. तिचं मूळ सूत्र असं की ‘हे कर’ असं सांगणारं एक वाक्य आलं तर काय घडतंय, कोणाला काय वाटतंय हे सांगणारी निदान दोन ते पाच वाक्यं हवीत. आपल्याला सवय नेमकी उलटी. माझ्या पहिल्या मसुद्यात आठपैकी सात वाक्यं हुकमाची होती: हात सोडू नको, ओरडू नको, पळू नको. ती गोष्ट नव्हतीच, गोष्टीच्या वेषातली दटावणी होती. आता वाक्यं अशी असतात: ‘गोलाईत गाड्यांचा आवाज होतो. मावशी पेंडी देते. मावशीला पैसे लागतात. मी पैसे देतो.’

फोटोच्या आधी कागद

मुलाचा एकही फोटो काढण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या. ‘काढा की मॅडम, त्यात काय’ एवढ्यावर थांबू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक केली आहे. कायदा नसता तरी हे करायला हवंच होतं. कागदावर तीन ओळी पुरतात: फोटो कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. आणि शिक्षकांनी स्वतःशी एक करार करायचा: हे फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला नाहीत, देणगीदारांच्या पत्रकात नाहीत, १५ ऑगस्टच्या फ्लेक्सवर नाहीत.

मुलालाही विचारा. बोलत नसलं तरी विचारा. काढलेला फोटो त्याला दाखवायचा आणि थांबायचं. त्याने मोबाइल हाताने लोटला तर तो फोटो त्याच्यादेखत पुसायचा. दोन-तीनदा असं झालं की त्याला कळतं, आपण ‘नको’ म्हटलं की खरंच नको होतं. हे कळणं मेथीच्या पेंडीपेक्षा मोलाचं आहे.

दोरी आणि चिमटे

पहिले दोन दिवस मोबाइल कपाटात. खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधा, लाकडी चिमटे घ्या. एकेका अर्ध्या कागदावर हाताने चित्र काढा: पिशवी, रिक्षा, देऊळ, मेथी, नोट, घर. चित्रं वाईट आली तरी चालतात; माझी रिक्षा म्हशीसारखी दिसते आणि मुलं तिला रिक्षाच म्हणतात. ज्या मुलांना चित्र म्हणजे वस्तू हे अजून जुळलेलं नाही, त्यांच्यासाठी चिमट्याला खरी वस्तू अडकवा. रिकामी पिशवी, दहाची नोट, मेथीच्या दोन काड्या. दृष्टिहीन मुलासाठी तर वस्तूच हव्यात. डावीकडून उजवीकडे चाचपत गेलं की त्याच्या हाताखालून गोष्ट पुढे सरकते.

आता क्रम लावायचा. दोन चिमटे मुद्दाम उलटे लावा. आधी घर, मग पिशवी. कोणीतरी हसतं किंवा कागद ओढतं. ज्याने ओढला त्याला लावू द्या. क्रम चुकला तरी लगेच दुरुस्त करू नका. तसाच राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्रमाने गोष्ट करून बघा. मेथी न घेता पैसे दिले की काय होतं ते मुलांनाच दिसतं. आमच्या एका मुलीने रिक्षेचा कागद दोनदा लावायचा हट्ट धरला. मी दोनदा काढला. मग लक्षात आलं, जायला एक रिक्षा लागते आणि यायला एक. चूक माझी होती.

फोटो

सकाळी नऊच्या आत जा. उशीर झाला की उन्हाने चेहरे काळे येतात आणि गर्दीने मुलं बिथरतात. आठही मुलांना एकदम नेऊ नका; दोन मुलं, दोन मोठी माणसं, असे चार गट, चार दिवस. भाजीवालीला आधी एकट्याने जाऊन विचारून ठेवा. तिचाही फोटो गोष्टीत येणार आहे, तेव्हा तिचीही परवानगी हवी. आमची भाजीवाली मावशी पहिल्यांदा पदर सारखा करत म्हणाली, “थांबा, उद्या काढा, उद्या बरं लुगडं नेसून येते.”

मोबाइल आडवा धरा, म्हणजे टीव्हीवर चित्र पडदाभर दिसतं. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर या; उभ्याने काढलेल्या फोटोत सगळी मुलं केविलवाणी दिसतात. एका फोटोत एकच काम: हात आणि पेंडी. मागे पोत्यांचा ढीग, जाहिरातीचा फलक, पलीकडचा मोटारसायकलवाला असं काही आलं तर स्वमग्न मूल नेमकं त्या मोटारसायकलच्या चाकाकडे बघत बसतं. आम्ही सोबत एक फिकट निळी चादर नेतो, एक जण मागे धरून उभा राहतो. लोक बघतात, बघू द्या.

फोटो मुलांनीच काढायचे. जमेल तेवढे. हात थरथरत असेल तर मोबाइल दोन विटांच्या मध्ये किंवा छोट्या स्टँडवर घट्ट बसवा आणि सेल्फीचं ब्लूटूथ बटण मुलाच्या हाताशी द्या. ते बटण फार बारीक असतं, म्हणून त्यावर डब्याचं प्लास्टिकचं झाकण दुहेरी चिकटपट्टीने लावा. तळहात टेकला तरी फोटो निघतो. मूल कोणत्या हाताने, कोणत्या कोनात, किती जोराने दाबू शकेल हे आपल्या अंदाजाने ठरवू नका. आपल्याकडे हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी ‘संवेदना’ आहे, लातूर शहरात स्वमग्न मुलांसाठी ‘उमंग’ आहे. अशा केंद्रातल्या थेरपिस्टला एकदा विचारून घेतलं तर महिनाभराची चाचपड वाचते.

आवाज

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात मोठी चूक मी इथेच केली.

आमच्या वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. बोलत नाही. दिवसभर त्याच्या हातात सुतळीचा वीतभर तुकडा असतो. बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. त्याच्यासाठी गोष्ट केली तेव्हा आवाज मी दिला. छान, स्वच्छ, आकाशवाणीसारखा. ‘आई बाजारात जात आहे. मी आईबरोबर जात आहे. मी मेथीची जुडी घेत आहे.’ तीन दिवस गोष्ट लावली. त्याने टीव्हीकडे मान वळवली नाही. सुतळी चालू.

मग त्याच्या आईला म्हटलं, तुम्ही बोला. ती मागे सरकली. “मॅडम, आमचं बोलणं गावठी हाय. तुमीच बोला की.” दोन दिवस मागे लागल्यावर तिने रात्री घरी आपल्या मोबाइलवर बोलून पाठवलं. मागे कुकरची शिट्टी होती, शेजारची टीव्ही मालिका होती. ‘माय जायली गोलाईला. तू बी चल. पिशवी घे. मेथीची पेंडी आणू.’ ते ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला की शिट्टी काढून टाकावी. नशीब, मला ती काढता येत नव्हती.

सोमवारी लावलं. ‘माय जायली’ ऐकताच सुतळी थांबली. तो उठला, टीव्हीच्या कडेला गेला, जिथून आवाज येतो तिथे कान लावला. ‘पिशवी घे’ आल्यावर वळला, दारामागच्या खुंटीवरची माझी पिशवी काढली आणि हातात घेऊन उभा राहिला.

तो कुठल्या शब्दावर उठला, आवाजावर की शिट्टीवर, हे मला सांगता येणार नाही. पण ‘जुडी’ हा शब्द त्याच्या घरात नाही, ‘पेंडी’ आहे. ‘जात आहे’ असं त्याच्याशी कोणी कधी बोललेलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे आवाज घरचाच. लातुरात तर हे आणखी जपावं लागतं. वर्गातल्या आठांपैकी एकाच्या घरी दखनी बोलतात, एकाच्या घरी गोरमाटी, आणि उदगीर-देवणीकडचं मूल असेल तर आजीशी कन्नड. चित्रं तीच ठेवून आम्ही एका गोष्टीला तीन-तीन आवाज दिलेत. फाइल तीन होतात, काम फार वाढत नाही. मोबाइलमधला यंत्राचा मराठी आवाजही आता बरा झालाय आणि घाईत उपयोगी पडतो, पण ‘जायली’ त्याला म्हणता येत नाही. बोलून टाइप करायला गेले तर माझ्या मोबाइलने ‘माय जायली’चं ‘माय झाली’ करून ठेवलं!

रेकॉर्डिंग वर्गात करणार असाल तर पंखा बंद करा. पंख्याचा घरघराट आपल्याला ऐकू येत नाही, मोबाइलला येतो. मोबाइल घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून वीतभर लांब. एक वाक्य, एक फाइल. लगेच तिला ०१, ०२ असा क्रमांक द्या, नाहीतर संध्याकाळी ‘नवीन रेकॉर्डिंग १७’ म्हणजे कोणतं हे शोधत बसाल. बोलणाऱ्याला सांगा, वाक्याआधी मनात एक-दोन मोजा आणि संपल्यावरही मोजा. कापाकापी करताना ती शांतता कामाला येते.

जे मूल बोलत नाही त्याचाही आवाज गोष्टीत हवा. हसणं, टाळी, ‘आ’, टेबलावरची थाप, काहीही. पैसे द्यायच्या चित्रावर आमच्या त्या मुलाची थाप आहे. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं ॲप मूल वापरत असेल तर त्यातला आवाज घ्या. आय.आय.टी. मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ मोफत आहे आणि मराठीतही चालतं. कर्णबधिर मुलासाठी आवाजाच्या जागी खुणांचा व्हिडिओ येतो: कंबरेपासून डोक्याच्या वर चार बोटांपर्यंत सगळं चौकटीत, मागे एकरंगी पडदा, अंगात हातांच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा साधा सदरा. नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश ऑनलाइन बघता येतो. तरी मेथीची खूण घरी कशी करतात ते आईला विचारूनच घ्या.

जुळवणी

साधनांची यादी लांबलचक देता येईल, पण मी तीनच वापरते. सादरीकरणाचं कोणतंही सॉफ्टवेअर, म्हणजे पॉवरपॉइंट किंवा गूगल स्लाइड्स, हे रोजचं. गूगल स्लाइड्समध्ये आवाज घालायचा तर तो आधी ड्राइव्हवर चढवावा लागतो, एवढं लक्षात ठेवा. दुसरं ‘ब्लूम’. ते विंडोजवर फुकट मिळतं, त्यात बोलणारं पुस्तक होतं, ज्या वाक्याचा आवाज चालू आहे ते वाक्य रंगतं आणि तयार पुस्तक इंटरनेटशिवाय मोबाइलवर उघडतं. वाचायला नुकतं लागलेल्या मुलासाठी याच्याइतकं चांगलं मी दुसरं पाहिलं नाही. तिसरं प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’. २०१५ पासून चालू आहे, मराठी पुस्तकं भरपूर, आणि तिथली चित्रं चित्रकाराचं नाव देऊन आपल्या गोष्टीत वापरता येतात. फोटो काढणं शक्यच नसेल, उदाहरणार्थ पाऊस किंवा साप, तेव्हा तिथून चित्र घ्यायचं.

एका पानावर एक चित्र, खाली एक वाक्य, चार-पाच शब्दांचं. अक्षर चाळीसपेक्षा लहान नको. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट मोफत आहेत. त्यातले उकार, रफार लांबूनही स्वच्छ दिसतात. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र नको, फिकट पिवळी ठेवा. आणि अक्षरं उडत येणं, चित्र गरगरत येणं, चांदण्या, टाळ्यांचा कडकडाट, मागे संगीत, यातलं काही नको. पहिल्या वर्षी मला या सगळ्याची भारी हौस होती. प्रत्येक बरोबर उत्तराला फटाके फुटायचे. एक मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसली आणि त्यानंतर आठवडाभर टीव्ही लावला की आधीच टेबलाखाली. मी तिला भूकंपाची गोष्ट दाखवतेय असंच तिला वाटलं असणार!

आता गोष्टीत एक फाटा घाला. चौथ्या पानावर दोन मोठे फोटो: मेथी आणि पालक. मेथीच्या फोटोला मेथीच्या पानाची लिंक, पालकाच्या फोटोला पालकाच्या पानाची. फोटो निवडायचा, ‘लिंक’मध्ये जायचं, याच सादरीकरणातलं पान निवडायचं. पाच मिनिटांचं काम आहे. दोन्ही वाटा शेवटी घरच्या पानावर आणून सोडा. ‘चूक’ असं कोणतंच पान करू नका. पालक घेतली तर पालक घेऊन घरी जायचं, माय पालक करेल. आमच्या मुलांच्या दिवसात त्यांनी ठरवलेलं काय असतं? कपडे आपण काढून देतो, ताट आपण वाढतो. भाजी कोणती हे त्यांना विचारणारी ही एकच जागा असते, कधी कधी.

पान पुढे न्यायला बारीक माऊस नको. जुना कीबोर्ड लॅपटॉपला जोडा, वरून पुठ्ठा चिकटवा आणि पुठ्ठ्यात फक्त स्पेसबारची खाच कापा. हात कुठेही पडला तरी एकच गोष्ट होते: पुढचं पान येतं. फाट्याच्या पानावर मात्र हे चालत नाही. तिथे मुलाने टीव्हीवरच्या फोटोवर बोट ठेवायचं, क्लिक आपण करायचं.

दाखवणं

पहिल्या दिवशी फक्त दाखवा, काही विचारू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पानावर थांबा. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचा कीबोर्ड मुलाच्या मांडीवर. थांबणं हे सगळ्यात अवघड काम आहे, मुलाला नाही, आपल्याला. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. सहा-सातला जीव कासावीस होतो आणि आपला हात आपोआप स्पेसबारकडे जातो. मी माझे हात मांडीखाली घेऊन बसते. मध्येच ‘शाब्बास’ही नको; गोष्ट तुटते आणि मूल टीव्ही सोडून आपल्याकडे बघायला लागतं.

वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रमाच्या वहीत ‘गोष्ट आवडली, आनंदाने पाहिली’ असं लिहू नका. तपासणीला येणारे खूश होतात, पण पुढच्या शिक्षिकेला त्यातून काही कळत नाही. लिहा: ‘पाच पानांपैकी तीन स्वतः उलटली. फाट्यावर आठ सेकंद थांबून मेथी निवडली. पैसे देण्याच्या पानावर थाप मारली.’

घरी पाठवताना गोष्टीचा एम.पी.फोर व्हिडिओ करा आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे चित्रं फाटत नाहीत. बऱ्याच घरांत चांगला मोबाइल बापाकडे असतो आणि बाप रात्री येतो. अशा घरी पेनड्राइव्ह द्या, टीव्हीला मागे लावून चालतो. तेही नसेल तर सहा फोटो छापून, लॅमिनेट करून, भोक पाडून लोखंडी कडीत ओवा. वीज गेली तरी ही प्रत चालते. खरं सांगायचं तर मुलं सर्वांत जास्त वेळा हीच बघतात, चावतातही.

पुन्हा गोलाईत

गोष्ट आठवडाभर चालली की खऱ्या बाजारात जायचं. लॅमिनेट केलेली कडी मुलाच्या गळ्यात, पिशवी खांद्याला, नोट खिशात. आपण तीन पावलं मागे.

सुतळीवाला मुलगा पहिल्या खेपेला देवळाशीच थांबला, दुसऱ्या खेपेला भाजीवालीपर्यंत गेला. तिसऱ्या खेपेला त्याने फोटोतल्या पेंडीवर बोट ठेवलं, मावशीने पेंडी दिली, त्याने वीसची नोट तिच्या तराजूत टाकली आणि वळून सरळ चालायला लागला. पेंडी दहाची होती. मावशी मागून ओरडतेय, “आरं, धा रुपये ऱ्हायले की!” आणि हा ताठ मानेने घरच्या फोटोकडे निघालेला. क्षणभर राग आला. मग कडी हातात घेऊन बघितलं. पाचव्या चित्रात नोट मावशीच्या हातात, सहाव्या चित्रात घर. सुट्या पैशांचं चित्र मी काढलेलंच नव्हतं. त्याने गोष्टीप्रमाणे अगदी बरोबर केलं होतं.

त्याला परत आणलं. मावशीने दहाचं नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं, तेवढ्यात फोटो काढला. त्या रात्री आईने नवं वाक्य पाठवलं: ‘मावशी धा रुपये देयली, खिशात ठिव.’ आता गोष्टीत सात चित्रं आहेत.